मैदान राखले, आरोग्य राखले

जळगावहून अजिंठ्याकडे निघालेल्या प्रवाशाला पहूर हे नाव नवे नाही. वाघूर नदीच्या आश्रयाने वसलेले आणि पेठ व कसबे अशा दोन नावांनी ओळखले जाणारे हे गाव आता हमरस्त्याच्या अंगाने वाढते आहे. शेंदुर्णी, जामनेर, पाचोरा या आसपासच्या गावांचेही तसेच आहे. शेताचे प्लॉट होतात, प्लॉटांवर घरे उभी राहतात, घरांपुढे वाहने येतात आणि पाहता पाहता गावाचे निमशहर होते. अशा गावात राहणाऱ्या प्रत्येक कुटुंबाने स्वतःला एक साधा प्रश्न विचारून पाहावा. घरातल्या आजोबांना सायंकाळी अर्धा तास निर्धास्तपणे चालायचे असेल, सुनेला चार मैत्रिणींसह मोकळ्या हवेत बसायचे असेल आणि नातवाला धावायचे असेल, तर या तिघांनी जायचे कोठे?

या प्रश्नाचे उत्तर घरात मिळत नाही, दवाखान्यात मिळत नाही आणि औषधाच्या दुकानात तर नाहीच. ते गावाच्या नकाशावर असावे लागते. सव्वाशे वर्षांपूर्वी हाच प्रश्न मुंबईपुढे उभा राहिला होता, पण फार भीषण रूपात. त्या काळी शहर मोकळे करण्याचा जो विचार रुजला, त्याच परंपरेतले एक मैदान आज साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. ते म्हणजे दादरचे शिवाजी पार्क. आपण ते सभांसाठी आणि क्रिकेटसाठी ओळखतो. येथे मात्र त्याच्याकडे आरोग्याच्या दृष्टीने पाहू.

साथीने शिकवलेला धडा

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात एक विचित्र ताप दिसू लागला. डॉ. अकासिओ व्हिएगस या मूळच्या गोव्याच्या डॉक्टरांनी हा गाठीचा प्लेग असल्याचे निदान केले. गोदी जवळ, धान्याची कोठारे जवळ, अंधाऱ्या चाळींतील एकेका खोलीत दाटीवाटीने राहणारी कुटुंबे; रोगाला हवे होते ते सारे तेथे हजर होते. लाखो लोक मुंबई सोडून गावाकडे पळाले. गिरण्या, बाजार, बंदर, सारेच कोलमडले.

या संकटातून दोन वाटा निघाल्या. एक प्रयोगशाळेची: डॉ. वाल्डेमार हाफकिन यांनी मुंबईतच प्लेगप्रतिबंधक लस तयार केली. दुसरी नगररचनेची: ९ डिसेंबर १८९८ रोजी मुंबई शहर सुधार मंडळ, म्हणजे त्या वेळच्या बोलीत 'इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट', स्थापन झाले. गल्लीबोळांतून रुंद रस्ते काढून समुद्राचा वारा आत आणणे, दाट वस्त्या मोकळ्या करणे आणि उत्तरेकडे नव्या, हवेशीर वसाहती वसवणे, ही त्याची कामे होती. दादर-माटुंगा परिसरातील आखीव रस्त्यांच्या वसाहती आणि 'फाइव्ह गार्डन्स'सारख्या बागा याच विचारातून जन्मल्या.

यात एक गंमत आहे, आणि ती लक्षात घेण्याजोगी आहे. दूषित हवेने रोग पसरतो, असा त्या काळी अनेकांचा समज होता. प्लेग मात्र हवेने नव्हे, तर मुख्यतः उंदरांच्या अंगावरील पिसवांमुळे माणसाला जडतो, हे फ्रेंच संशोधक पॉल-लुई सिमों यांनी १८९८ मध्ये कराचीत दाखवून दिले; ते सर्वमान्य व्हायला पुढे काही वर्षे गेली. म्हणजे रोगाचे कारण सांगताना जुने लोक चुकले. परंतु त्यांनी सुचवलेला उपाय, म्हणजे दाटी कमी करणे, ऊन-वारा आत घेणे आणि मोकळी जागा राखणे, हा कितीतरी रोगांवर उपयोगी ठरला.

मुंबईच्या आधी लंडननेही हा धडा घेतला होता. तेथील पूर्व भागातील गरीब वस्त्यांत मृत्यूचे प्रमाण फार मोठे असल्याचे विल्यम फार या आकडेशास्त्रज्ञाच्या १८३९ च्या अहवालातून समोर आले. पुढल्याच वर्षी हजारो रहिवाशांच्या सह्यांचा अर्ज राणी व्हिक्टोरियाकडे गेला आणि १८४५ मध्ये तेथील 'व्हिक्टोरिया पार्क' लोकांसाठी खुले झाले. बाग ही चैनीची वस्तू आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी हा इतिहास आठवावा. गरिबांच्या मृत्युसंख्येकडे पाहून मागितलेली ती बाग होती.

माहीम पार्क ते शिवाजी पार्क

दादरच्या पश्चिमेस, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर, १९२५ मध्ये मुंबई महापालिकेने एक विस्तीर्ण मैदान लोकांसाठी खुले केले. त्याचे पहिले नाव होते माहीम पार्क. १९२७ मध्ये, त्या काळी रूढ असलेल्या जन्मवर्षानुसार शिवरायांच्या जन्माला तीनशे वर्षे पूर्ण होत असताना, नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या पुढाकाराने त्याला शिवाजी पार्क हे नाव मिळाले. याच अवंतिकाबाई १९१७ मध्ये गांधीजींबरोबर चंपारणला गेल्या होत्या आणि तेथील खेड्यांत शिक्षणाचे व स्वच्छतेचे काम त्यांनी केले होते. सार्वजनिक आरोग्याचा अनुभव गाठीशी असलेल्या एका स्त्रीचे नाव या मैदानाच्या इतिहासाशी जोडलेले असावे, हा सुंदर योगायोग आहे.

मैदानाचे क्षेत्र सुमारे २८ एकर. मध्ये मोकळी जमीन, कडेने झाडांची सावली आणि भोवती बसता येईल एवढ्या उंचीचा कठडा. याच कठड्याला मुंबईकर 'कट्टा' म्हणतात. एका बाजूला शिवरायांचा अश्वारूढ पुतळा आहे. तो १९६६ मध्ये लोकवर्गणीतून उभा राहिला. या पुतळ्यात महाराजांनी तलवार उपसलेली नाही. हात पुढे करून ते जणू वाट दाखवीत आहेत. परिसरात व्यायामशाळा आहे, जिमखाना आहे, मुलांची बाग आहे, उद्यान गणेशाचे मंदिर आहे, ज्येष्ठांसाठी नाना-नानी पार्क आहे. बंगाल क्लबची दुर्गापूजाही येथेच होते. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीतील विराट सभा याच मैदानाने ऐकल्या. दरवर्षी ६ डिसेंबरला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना वंदन करण्यासाठी चैत्यभूमीवर लाखो अनुयायी येतात. विदर्भ, मराठवाडा, खानदेशातून आलेली ही माणसे रात्री पाठ टेकतात ती याच मैदानाच्या मांडवात. मैदान कोणाचे, या प्रश्नाचे एवढे स्पष्ट उत्तर क्वचितच कोठे मिळेल.

कट्ट्याचे वैद्यक

आता तुमच्या-आमच्या आरोग्याचा हिशेब मांडू. शिवाजी पार्कच्या कट्ट्याला एक फेरी घातली की सव्वा किलोमीटरच्या जवळपास चालणे होते. मध्यम गतीने ही फेरी बारा ते पंधरा मिनिटांत पुरी होते. प्रौढ माणसाने आठवड्यातून किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल करावी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणजे आठवड्यातून पाच दिवस, रोज अर्धा तास. कट्ट्याच्या दोन-अडीच फेऱ्यांत तो हिशेब पूर्ण होतो. त्यासाठी प्रवेश-फी नाही, यंत्र नाही, गणवेश नाही. पायांत नीट बसणारे बूट असले की झाले.

मधुमेह असलेल्यांसाठी तर जवळच्या मैदानाचे मोल अधिक आहे. जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटे सावकाश चालल्याने रक्तातील साखरेची उसळी कमी होते. पण जेवणानंतर चालायचे तर जागा घराजवळ हवी, रस्त्यावर उजेड हवा आणि मागून भरधाव ट्रक येण्याची धास्ती नको. 'रोज चालत जा' हा डॉक्टरांचा सल्ला सोपा आहे. हमरस्त्याच्या कडेने चालणाऱ्या साठीच्या माणसाला तो पाळणे सोपे नाही. सल्ला आणि आचरण यांमधले अंतर पुष्कळदा आळसाचे नसते, ते जागेच्या अभावाचे असते.

दुसरे औषध आहे बसण्याचे. कट्ट्यावर निवृत्त कारकून बसतो, महाविद्यालयीन मुले बसतात, बाबागाडी घेऊन आलेली आई बसते. तेथे काही विकत घ्यावे लागत नाही आणि कोणी 'उठा' म्हणत नाही. एकटेपणा आणि तुटलेली नाती यांचा शरीरावर होणारा परिणाम आता वैद्यकानेही गांभीर्याने घेतला आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये या विषयासाठी स्वतंत्र आयोग नेमला. आपल्या गावांत हे काम पार आणि ओटे पूर्वापार करीत आले. पिंपळाच्या पारावर बसलेल्या म्हाताऱ्यांची टोळी ही एक आरोग्यसंस्थाच होती. एखादा दोन दिवस दिसला नाही तर तिसऱ्या दिवशी कोणीतरी त्याच्या दारात चौकशीला जात असे. रस्ता रुंद करताना पार तुटला की ही चौकशीही तुटते, आणि तिची नोंद कोणत्याही नकाशात होत नाही.

मुलांचे डोळे, मुलांचे हात

शिवाजी पार्कच्या मातीत अनेक नामवंत क्रिकेटपटू घडले. रमाकांत आचरेकर सरांच्या तालमीत सचिन तेंडुलकर याच मैदानावर तयार झाला. येथील श्री समर्थ व्यायाम मंदिराने मल्लखांबाची परंपरा जपली. त्या कामात आयुष्य वेचणाऱ्या उदय देशपांडे यांना २०२४ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. ही नावे अभिमानाची आहेतच. परंतु पालक म्हणून आपण त्यांच्यापलीकडे पाहिले पाहिजे. प्रत्येक मूल खेळाडू होणार नाही. धावणे, पडणे, हरणे आणि पुन्हा रांगेत उभे राहणे मात्र प्रत्येकालाच शिकायचे असते.

पाच ते सतरा वर्षांच्या मुलांना रोज सरासरी एक तास दमवणारी हालचाल हवी, अशी शिफारस आहे. त्याखेरीज मैदानाचा एक लाभ पुष्कळ पालकांना ठाऊक नसतो, तो डोळ्यांचा. चीनमधील ग्वांगझू शहरात बारा प्राथमिक शाळांत एक प्रयोग झाला. पहिलीच्या मुलांपैकी निम्म्या शाळांतल्या मुलांना रोज चाळीस मिनिटे जास्तीचा वेळ उघड्यावर काढायला लावले. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, तीन वर्षांनंतर इतर मुलांपैकी ३९.५ टक्क्यांना नव्याने लघुदृष्टी, म्हणजे दूरचे न दिसण्याचा दोष, जडला होता. उघड्यावर खेळलेल्यांत हे प्रमाण ३०.४ टक्के होते. लक्षात घ्या, येथे कोणतेही थेंब डोळ्यांत घातले नव्हते. केवळ दिवसाचा उजेड दिला होता. मोबाइल हातातून काढून घेणे एवढ्याने भागत नाही. काढून घेतल्यावर मुलाला जायला जागा दाखवावी लागते.

मैदान मागितले जाते, तेव्हा

मैदान एकदा राखले की काम संपले, असे मात्र नाही. मोकळी जागा दिसली की तिच्यावर प्रत्येकाची नजर जाते. शिवाजी पार्कवर सभा, मेळावे, उत्सव यांची गर्दी वाढली, ध्वनिवर्धकांचा आवाज असह्य झाला, तेव्हा तेथील रहिवासी न्यायालयात गेले आणि २०१० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने हा परिसर शांतता क्षेत्र मानण्याचा आदेश दिला. पुढे २०१६ मध्ये राज्य शासनाने खेळाव्यतिरिक्त कार्यक्रमांसाठी वर्षातील ४५ दिवसांची मर्यादा घालून दिली. मैदानाच्या मातीची धूळ आसपासच्या घरांत शिरते, दम्याच्या रुग्णांना त्रास होतो, ही तक्रारही तेथे वर्षानुवर्षे गाजते आहे. हिरवळ लावावी, पाणी मारावे, माती काढावी, असे नाना उपाय सुचवले जातात आणि त्यांवर वाद झडतात.

या वादांतून आपण एक गोष्ट शिकावी. मैदानावर सर्वांचा हक्क आहे. म्हणूनच कोणा एकाने ते कायमचे अडवू नये. सभेला ते हवे, लग्नाला हवे, बाजाराला हवे, पण उरलेले दिवस ते चालणाऱ्यांचे आणि खेळणाऱ्यांचे असले पाहिजे. आणि हे आपोआप घडत नाही. शिवाजी पार्क टिकले, कारण रोज पहाटे तेथे येणारी हजारो माणसे त्याच्यावर डोळा ठेवून असतात. ज्या मैदानावर रोज पावले पडतात, त्यावर अतिक्रमण करण्याची हिंमत सहसा होत नाही. ज्या जागेवर काटेरी झुडपे वाढतात, ती लवकर कोणाची तरी होते.

आता आपल्या गावाकडे

तुम्ही म्हणाल, मुंबईला २८ एकर मिळाले, आम्हाला कोण देणार? एवढी जागा लागतही नाही. जळगावकरांनी मेहरूण तलावाचा काठ फिरण्यासाठी आपलासा केला आहे. त्याच शहरातले भाऊंचे उद्यान भवरलाल जैन यांच्या नावाचे आहे; त्यांचे जन्मगाव वाकोद, पहूरहून अजिंठ्याच्या रस्त्याला लागल्यावर लागणारे. आपल्याच पट्ट्यात बागेची ओढ काही नवी नाही.

जागेचा विचार करताना पहिली गोष्ट, नकाशा पाहा. राज्याच्या २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीनुसार ०.४ हेक्टर वा त्याहून मोठ्या जमिनीचे रेखांकन करताना दहा टक्के जागा मनोरंजनासाठी खुली ठेवावी लागते. एका एकराच्या रेखांकनात ही जागा सुमारे चारशे चौरस मीटर होते. तेवढ्यात सात-आठ झाडे, चार बाके आणि लहानांच्या खेळाची जागा सहज मावते. पुष्कळ वसाहतींत ही खुली जागा कागदावर असते. प्रत्यक्षात तेथे बांधकामाची खडी, भंगार किंवा कोणाचा तरी गोठा असतो. आपल्या कॉलनीच्या मंजूर रेखांकनाची प्रत ग्रामपंचायतीत किंवा संबंधित कार्यालयात मागा आणि खुली जागा कोणती, हे शेजाऱ्यांसह जागेवर जाऊन पाहा. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या दिवशी गावोगावी ग्रामसभा भरतात. तेथे हा विषय लेखी मांडा. शाळेचे पटांगण सुटीनंतर दोन तास गावाला खुले ठेवता येईल का, हेही शाळा व्यवस्थापन समितीला विचारा.

दुसरी गोष्ट, खानदेशचे ऊन. मे महिन्यात आपल्याकडे पारा पंचेचाळीस अंशांच्या आसपास जातो. येथील बाग मुंबईच्या बागेची नक्कल असून चालणार नाही. सिमेंटच्या लाद्या आणि लोखंडी बाके दुपारी तापतात आणि रात्रीपर्यंत उष्णता सोडत राहतात. त्यांपेक्षा कडुनिंब, करंज, वड, पिंपळ, चिंच यांची दाट सावली आणि मातीची पायवाट बरी. झाड केवळ सावली देत नाही. पानांतून बाष्प सोडून भोवतालची हवाही थंड करते. विदेशी शोभेच्या रोपांवर खर्च होणारा पैसा पहिल्या तीन उन्हाळ्यांत झाडांना पाणी घालण्यावर खर्च करावा. उन्हाळ्यात चालणे सकाळी आठच्या आत किंवा सूर्य मावळल्यावर ठेवावे. हृदयविकार, रक्तदाब असलेल्यांनी डॉक्टरांना विचारून वेग ठरवावा आणि छातीत दुखणे, चक्कर किंवा धाप जाणवताच थांबावे.

तिसरी गोष्ट, बाग कोणासाठी, हे आधी ठरवा. गुडघे दुखणाऱ्या आजींना पाठ टेकता येईल असे आणि उठताना हाताला आधार मिळेल असे बाक लागते. स्त्रियांना उजेड, स्वच्छतागृह आणि चारही बाजूंनी मोकळी दिसणारी जागा लागते. उंच भिंतींआडच्या बागेत संध्याकाळी त्या जाणार नाहीत. चाकाच्या खुर्चीला पायरीऐवजी उतार लागतो. पिण्याचे पाणी सर्वांनाच लागते. घसरगुंडी आणि रंगीत कारंजे यांचा विचार या साऱ्यानंतर करावा. उद्घाटनाच्या दिवशी कारंजे उडते. पुढे मोटर बिघडली की त्याच हौदात डास वाढतात आणि डेंग्यूला आमंत्रण मिळते.

चौथी आणि शेवटची गोष्ट, जागेला माणसे द्या. पाच कुटुंबांनी मिळून आठवड्याचे वार वाटून घ्यावेत. ज्याचा वार, त्याने सायंकाळी घरच्या लहान-थोरांसह अर्धा तास तेथे जावे, दोन झाडांना पाणी घालावे, पडलेला कचरा उचलावा. ही वर्गणी पैशांची नाही, पावलांची आहे.

प्लेगच्या वेळी शहराला मोकळी जागा आठवली ती हजारो बळी गेल्यावर. आपल्या गावांत अजून ती वेळ आलेली नाही. खुली जागा अजून कागदावर आहे, शाळेचे पटांगण अजून पटांगण आहे, नदीचा काठ अजून पूर्ण बुजलेला नाही. त्यावर एकदा इमारत उभी राहिली की ती जागा पुन्हा मोकळी होत नाही, हे ध्यानात ठेवावे. या पंधरवड्यात एवढेच करा: एखाद्या सायंकाळी सहकुटुंब घराबाहेर पडा, चालत दहा मिनिटांच्या आत कोणकोणती मोकळी जागा आहे ते पाहा आणि घरातल्या सर्वांत लहान मुलाला व सर्वांत वृद्ध माणसाला विचारा की येथे यायला त्यांना आवडेल का. त्यांनी सांगितलेल्या अडचणी कागदावर उतरवा. ग्रामसभेत मांडायचा तुमचा अर्ज तयार झालेला असेल.